छाती वर, छाती खाली

रात्री साडेदहाला समोरच्या काकूंनी बेल वाजवली. हातात ऑक्सिमीटर, चेहऱ्यावर घाम. "अरे, भोलूचा ऑक्सिजन अडुसष्ट दाखवतोय. जरा येऊन बघतोस का?"

भोलू हा त्यांचा देशी कुत्रा. नऊ वर्षांपूर्वी मुंबईत, आमच्या नाहूर स्टेशनबाहेर भिजत बसलेलं पिल्लू काकांनी शर्टात गुंडाळून आणलं होतं. मी गेलो तेव्हा भोलू स्वयंपाकघरातल्या गार फरशीवर आडवा पसरला होता. मला बघून त्याने शेपटीने जमिनीवर दोनदा थाप मारली आणि डोळे मिटले. रक्तातला ऑक्सिजन खरोखर ६८ टक्क्यांवर असता, तर पाहुण्यासाठी शेपटी हलवायच्या भानगडीत तो पडला नसता. काकूंनी चिमटा आधी पंजाला लावला होता, मग शेपटीच्या टोकाला, मग कानाला. तीन जागी तीन उत्तरं: ६८, ९१ आणि नुसत्या दोन रेघा.

तो ऑक्सिमीटर २०२१ सालचा. आमच्या इमारतीत बहुतेक घरांतल्या खणात असा एक असतोच, सुटे सेल, बामची बाटली आणि कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच आठवत नाही अशा किल्ल्यांच्या सोबतीला. महासाथ ओसरली, यंत्र उरलं. ते नेमकं काय मोजतं हे मात्र तेव्हा कुणी नीट सांगितलं नाही आणि घाईत कुणी विचारलंही नाही.

लहानपणी वीज गेली की आपण टॉर्चच्या काचेवर पंजा दाबून धरायचो. हात लाल पेटल्यासारखा दिसायचा. बोटातून पांढऱ्या उजेडातला निळा-हिरवा भाग आरपार जात नाही, लाल जातो. ऑक्सिमीटर हाच खेळ दोन दिव्यांनी खेळतो. एक लाल, ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा. दुसरा ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल उजेड सोडून देतं आणि अवरक्त जास्त शोषतं. ऑक्सिजन उतरवून रिकामं झालेलं हिमोग्लोबिन बरोबर उलटं वागतं. पलीकडच्या बाजूला कुठला उजेड किती पोहोचला, यावरून शंभरातलं किती हिमोग्लोबिन भरलेलं आहे हे कळतं.

पण बोटात रक्ताखेरीज कातडी, मांस, हाड, नख हे सगळंच उजेड खातं, आणि प्रत्येकाचं बोट वेगळं. या गुंत्यातून वाट काढली ती ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने, आणि तीही दुसरंच काही शोधताना. टोकियोच्या निहोन कोडेन कंपनीत तो हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं हे मोजायच्या प्रयत्नात होता. शिरेत रंग टोचायचा, तो कानाच्या पाळीत किती वेळात येतो आणि ओसरतो हे उजेडाने टिपायचं. पण आलेख सरळ यायचा नाही. प्रत्येक ठोक्यागणिक त्यावर बारीक लाट उठायची. ही कटकट घालवायला त्याने दोन तरंगलांब्यांचे आकडे एकमेकांविरुद्ध लावले. लाट नाहीशी झाली, पण माणसाचा ऑक्सिजन बदलला की पुन्हा उगवायची. दुसरा कुणी असता तर वैतागला असता. आओयागीच्या लक्षात आलं की ही कटकटच उपयोगाची आहे. बोटातलं बाकी सगळं स्थिर असतं, ठोक्याबरोबर फुगतं-ओसरतं ते फक्त धमनीतलं ताजं रक्त. पोहोचणाऱ्या उजेडातला जो एखाद-दोन टक्क्यांचा भाग नाडीबरोबर हलतो, तेवढाच बघायचा. हे १९७४ साल. नाडी हवीच, म्हणून यंत्राचं नाव पल्स ऑक्सिमीटर. आओयागी वारला १८ एप्रिल २०२० रोजी, ८४ व्या वर्षी. नेमक्या त्याच दिवसांत जगभर त्याच्या यंत्राची मागणी वाढत होती.

आता भोलूचे ६८ कुठून आले ते उघड आहे. पंजावर केस, केसांखाली काळी कातडी, त्याखाली जाड गादी. उजेड पलीकडे पोहोचतच नव्हता आणि यंत्राला हवी असलेली ती बारीक लाट सापडत नव्हती. जे हाती लागलं त्यावरून त्याने एक आकडा बनवला. २०२१ मध्ये पेनला चिमटा लावून ऑक्सिजन दाखवणाऱ्या यंत्रांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरल्या होत्या, त्या आठवत असतील. शिवाय आकड्यामागचा तक्ता तयार होतो तो निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम कमी ऑक्सिजनची हवा देऊन, आणि त्यांना साधारण ७० टक्क्यांच्या खाली नेत नाहीत. त्याखालचा प्रत्येक आकडा हा तक्ता पुढे ओढून केलेला अंदाज असतो. स्वयंसेवकांत कुत्रा अर्थातच नसतो.

आकडा खरा असला तरी तो वाचायचा कसा? ९८ वरून ९५ आणि ९१ वरून ८८, दोन्हीकडे फरक तीनचाच. शरीराला मात्र तो सारखा नसतो. मनमाडहून मुंबईकडे येताना गाडी इगतपुरीपर्यंत पठारावरून येते. थोडा चढउतार झाला तरी खिडकीतल्या माणसाला पत्ता लागत नाही. इगतपुरी सुटली की कसाऱ्याचा घाट, दर ३७ फुटांना एक फूट उतार. हिमोग्लोबिनचंही तसंच आहे. साधारण ९० टक्क्यांपर्यंत पठार असतं. फुप्फुसात ऑक्सिजनचा दाब बराच कमी झाला तरी आकडा थोडाच हलतो. नव्वदीच्या खाली घाट सुरू होतो. तिथे दाब थोडा घसरला तरी आकडा धडाधड कोसळतो. म्हणून डॉक्टर ९४ ला कपाळावर आठी घालतात आणि ९० ला पळापळ करतात. इगतपुरी कुठे येते हे त्यांना ठाऊक असतं.

महाराष्ट्राने हे यंत्र घरोघर पाहिलं ते १५ सप्टेंबर २०२० पासून. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आरोग्य कर्मचारी आणि स्वयंसेवक दारोदार फिरून ताप आणि ऑक्सिजन तपासत होते. दारात उभं राहून बोट पुढे करायचं, आकडा वहीत उतरवला जायचा. आमच्याकडे एका आजोबांनी आकडा ९७ आल्यावर "पहिल्यापासून गणितात पैकीच्या पैकी कधी पडले नाहीत" असं म्हणून घेतलं होतं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, राज्याच्या आरोग्य विभागाने सहा मिनिटं चालण्याची चाचणी घरच्या घरी करायला सांगितलं. आधी आकडा बघायचा, मग घरातच सपाट जमिनीवर सहा मिनिटं चालायचं, पुन्हा बघायचा. ९३ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा तीनपेक्षा जास्त घसरला, तर दवाखाना. दोनशे साठ फुटांच्या खोलीत सहा मिनिटं चालायचं म्हणजे पलंगाभोवती प्रदक्षिणाच, पण लोकांनी त्या घातल्या.

ही चाचणी लागली कारण कोविडच्या आजारात माणूस धाप न लागता बुडत होता. गुदमरल्याची जाणीव आपल्याला होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे, ऑक्सिजन कमी पडल्यामुळे तितकीशी नाही. त्यात सुजलेल्या फुप्फुसांतून ऑक्सिजन आत शिरायला अडचण होती, पण कार्बन डायऑक्साइड सहज बाहेर पडत होता. मेंदूला धोक्याची घंटा ऐकूच जात नव्हती. ८२ वर आलेला माणूस फोनवर नीट गप्पा मारत असायचा. त्या काळात आमच्यापासून जवळच, मुलुंडला लालबहादूर शास्त्री मार्गावर, रिचर्डसन अँड क्रूडास कारखान्याच्या जागेत जम्बो कोविड केंद्र उभं होतं. एप्रिल २०२१ च्या मध्यात एका रात्री महापालिकेने सहा रुग्णालयांत ऑक्सिजन कमी पडू लागल्यावर १६८ रुग्ण हलवले, ते शहरातल्या अशाच मोठ्या केंद्रांत. त्या रात्री शास्त्री मार्गावरून जाणाऱ्या रुग्णवाहिकांचे आवाज झोपू देत नव्हते. ऑक्सिमीटर तेव्हा मिळेल त्या भावाने घेतले जात होते. व्यापाऱ्यांच्या नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा सरकारने घातली ती जुलैमध्ये. तोवर आमच्या इमारतीतली खरेदी उरकली होती.

इतकं उपयोगी पडलेलं यंत्र, म्हणून त्याचे दोष कुणी उगाळत बसत नाही. मला ते सांगायलाच हवेत असं वाटतं. हा आकडा टक्केवारी सांगतो, साठा सांगत नाही. दहा गाड्यांपैकी दहा भरल्या तरी शंभर टक्के, आणि पाचच गाड्या असून पाचही भरल्या तरी शंभर टक्के. रक्तात हिमोग्लोबिनच कमी असेल, तर ९९ दाखवणाऱ्या बाईला जिना चढताना दम लागणारच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. तेव्हा "ऑक्सिजन चांगलाय, तुला काही झालेलं नाही" हे वाक्य आपल्या घरांत जपून उच्चारायला हवं. दुसरा फसवा प्रकार बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरचा. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि या यंत्राला तो ऑक्सिजनसारखाच दिसतो. माणूस बेशुद्ध आणि पडद्यावर ९८. न्हाणीघरात असा कुणी पडलेला दिसला, तर चिमटा शोधू नका. दार-खिडक्या उघडा, त्याला बाहेर ओढा.

आणि कातडीचा रंग. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की यंत्रावर ९२ ते ९६ दिसत असूनही धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं, काळ्या रुग्णांत ११.७. म्हणजे सावळ्या बोटावर यंत्र गोड बोलतं. हा दोष आधीही लक्षात आला होता, पण त्याची दखल घ्यायला महासाथ यावी लागली. आपल्याकडे तर बोटावर मेंदीही असते. लाल मेंदीने फारसं बिघडत नाही. काळी मेंदी आणि निळं, हिरवं, काळं नेलपॉलिश मात्र गोंधळ घालतं. हळदी-मेंदीच्या दुसऱ्या दिवशी नवरीला ताप आला, तर चिमटा पायाच्या बोटाला लावून बघा.

हे वाचून यंत्र फेकून द्यावंसं वाटलं तर थांबा. शस्त्रक्रियेच्या खोलीत त्याने जे केलं त्याला तोड नाही. भूल दिलेला माणूस काळानिळा पडायची वाट न बघता, आकडा घसरू लागताच डॉक्टर सावध होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेआधी मोठ्याने वाचायची एक यादी काढली. रुग्णाला ऑक्सिमीटर लावला आहे का, चालतो आहे का, हा त्यातला एक प्रश्न. ती यादी करणाऱ्या गटाचे प्रमुख बॉस्टनचे शल्यविशारद अतुल गावंडे, ज्यांच्या वडिलांचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं उटी. त्या सुमारास जगात सुमारे ७७ हजार शस्त्रक्रियागृहांत हे साधं यंत्रही नव्हतं. गावंडे आणि भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून २०११ मध्ये 'लाइफबॉक्स' ही संस्था काढली ती स्वस्त, दणकट ऑक्सिमीटर तिथे पोहोचवायला.

यवतमाळहून थोडं पूर्वेला सरकलं की गडचिरोली. या प्रकरणातली मला सर्वांत आवडणारी वस्तू तिथली आहे आणि तिला सेल लागत नाहीत.

१९८० च्या दशकात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे काम करू लागले तेव्हा लहान मुलं न्यूमोनियाने जात होती. क्ष-किरण नाही, डॉक्टर कोसांवर. पण न्यूमोनिया झालेलं मूल एक गोष्ट लपवू शकत नाही. ते भरभर श्वास घेतं. "बाळाचं पोट उडतंय" हे कुठलीही आजी सांगते. किती उडतंय, हा प्रश्न होता. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० च्या वर गेले, त्याहून मोठ्या तान्ह्याचे ५० च्या वर गेले, की धोका. पण गावातल्या दाईकडे घड्याळ नाही, आणि साठपर्यंत मोजायला तिला कुणी शिकवलेलं नाही.

बंगांनी मोजणीचं एक साधन करून दिलं. एक मिनिटात रिकामी होणारी वाळूची घटिका आणि सोबत मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी तान्ह्यांसाठी, एक त्याहून मोठ्यांसाठी. घटिका उलटी करायची. बाळाच्या पोटाकडे बघत दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या लाल मण्यापर्यंत हात पोहोचला, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. दहापर्यंत मोजता आलं की झालं. दाया आणि गावातले कार्यकर्ते यांच्या हाती निदान आणि साधं प्रतिजैविक देण्याच्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. शेजारच्या तुलनेच्या भागापेक्षा इथले न्यूमोनियाचे मृत्यू ५४ टक्के कमी होते.

मोठमोठ्या रुग्णालयांत नाडी, रक्तदाब, ताप, ऑक्सिजन हे सगळं यंत्र लिहितं. श्वासाचा रकाना मात्र कित्येकदा डोळे मिटून १८ किंवा २० असा भरलेला असतो, सगळ्या खाटांना एकच. मी स्वतः एका नातेवाइकाच्या उशाशी बसून तीन दिवस तो २० वाचला. तिसऱ्या दिवशी मनगटावरचं घड्याळ समोर धरून मोजलं, तर ३४ भरले. नर्सबाईंना सांगितलं तेव्हा त्याही दचकल्या. आकड्यांच्या या घराण्यात श्वास हा गरीब नातेवाईक आहे. त्याच्यासाठी कुणी झगमगतं यंत्र काढलं नाही, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. माझ्या मते आजाऱ्याबद्दल सर्वांत आधी तोच बोलतो.

प्राण्यांच्या बाबतीत तर घरी करण्यासारखं तेच एक मोजमाप भरवशाचं. पशुवैद्यही ऑक्सिमीटर वापरतात, पण बहुधा भूल दिलेल्या प्राण्याच्या जिभेवर, जिथे केस नाहीत आणि रक्त भरपूर. २०२१ च्या फेब्रुवारीत आमच्या पश्चिमेच्या डोंगरात, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, सावित्री आणि महाराजा या दोन बिबट्यांना भूल देऊन गळ्यात रेडिओ कॉलर बसवण्यात आली. भुलीच्या औषधांनी श्वास मंदावतो, म्हणून अशा कामात जनावराचं तापमान, नाडी, श्वास यांवर कुणाची तरी नजर सतत खिळलेली असते. बिबट्याच्या जिभेला चिमटा लावणाऱ्याचं धैर्य मोठं. पण जाग्या भोलूच्या जिभेला तो लावायचा प्रयत्न काकूंनी करू नये असं मी त्यांना बजावलं.

त्याऐवजी मी त्यांना त्याच्याशेजारी खाली बसवलं. "हात लावू नका, हाक मारू नका. नुसती छाती बघा. वर आणि खाली मिळून एक." झोपलेल्या निरोगी कुत्र्याचे किंवा मांजराचे श्वास मिनिटाला तीसच्या आत असतात, बहुधा बरेच आत. रोज तीसच्या वर जाऊ लागले, तर ते फुप्फुसात पाणी साठू लागल्याचं लक्षण असू शकतं, खासकरून हृदय अशक्त झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्यात. खोकला आणि धाप नंतर येतात, हा आकडा आधी चढतो. मोजायचं ते गाढ झोपेतच. जागा कुत्रा धापा टाकतो तो अंग गार करायला. आपल्यासारखा घाम त्याला सर्वांगाला सुटत नाही. मुंबईच्या दमट मे महिन्यात धापून ओल वाळत नाही, आणि बसक्या नाकाच्या पगला तर हवाच पुरत नाही. अशा कुत्र्याला दुपारी दोनला फिरवणाऱ्यांना मी जिन्यातच अडवतो. मांजराचं निराळं. ते तोंड उघडून श्वास घेताना दिसलं, तर सकाळची वाट बघायची नाही.

बाकी दोन-तीन गोष्टी. हिरडी गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरा ठसा दोन सेकंदांत भरून यायला हवा. निळसर किंवा राखाडी हिरडी म्हणजे ताबडतोब डॉक्टर. हिरडीच काळी असेल, तर खालच्या पापणीची आतली बाजू बघावी. नाडी मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला लागते. अंगाचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या दरम्यान असणं हे कुत्र्यामांजरांत निरोगीच, तेव्हा १०२ बघून पॅरासिटामॉल द्यायला धावू नये. मांजराला तर त्या गोळीने विषबाधा होते. कपाळावर रोखायची तापाची बंदूक केसाळ प्राण्यावर निरुपयोगी. शंका आलीच, तर मुंबई या बाबतीत नशीबवान आहे. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, आणि महालक्ष्मीला टाटांचं प्राण्यांचं मोठं रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झालं.

काकूंनी मोबाइलवर एक मिनिट लावलं. खालून शेवटच्या धीम्या लोकलपैकी एखादी गेली असावी. भोलूचा एक पाय झोपेत हलला, थांबला. काकू ओठांतल्या ओठांत मोजत होत्या, जप करताना मोजतात तशा.

"अठरा," त्या म्हणाल्या. "बरोबर का?"

"बरोबर. पण उद्या, परवा पण मोजा. त्याचं नेहमीचं किती आहे ते आपल्याला माहीत पाहिजे."

गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे साखर मागायला गेलो तेव्हा कालनिर्णय उलटून पाहिलं. दुधाच्या खाड्यांशेजारी, त्याच पेन्सिलीने, चौकटीचौकटीत लिहिलं होतं: भो. १८, भो. १७, भो. १८, भो. १९. खालच्या एका चौकटीत काकांचेही होते, १४.